चांदण्याचा दाखला

गिरगावातल्या खोताच्या वाडीत समोरासमोरच्या दोन व्हरांड्यांमध्ये इतकं कमी अंतर आहे, की इकडे कुणी खुर्ची सरकवली तरी तिकडे कळतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले, आणि लाकडी कठड्यांची, बाहेरून जिने चढवलेली, पोर्तुगीज वळणाची कौलारू घरं गल्लीच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती, आता तिशीच्या आतच उरली आहेत. वाडीबाहेर पडलं की गिरगावच्या चाळी सुरू होतात, आणि तिथे तर गॅलरीच सामाईक. अशा वस्तीत एखाद्याला एखादीजवळ मनातलं बोलायचं असेल, तर तो काय बोलणार? बहुतेक वेळा हवेबद्दलच. ‘आज चौपाटीला उधाण आहे म्हणे’ एवढं वाक्य गॅलरीतल्या दहा माणसांनी ऐकलं तरी त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नाही. भरतीची बातमी ती. पण ज्या एका व्यक्तीसाठी ती सांगितली, तिला संध्याकाळी सहा वाजता कुठे जायचं ते कळलेलं असतं.

प्रेमकवितेतल्या निसर्गाकडे मी याच वाक्याच्या बाजूने बघतो. शाळेत आपल्याला तो अलंकार म्हणून शिकवला गेला. मुखाला चंद्राची उपमा, डोळ्यांना कमळाची, आणि उत्तरपत्रिकेत ‘उपमेय, उपमान, साधारण धर्म’ असे तीन रकाने. त्यामुळे चंद्र, पाऊस, नदी ही कवितेच्या अंगावरची दागिने-कपड्यांची बाब आहे, असा आपला समज पक्का होतो. पण प्रेमकविता हे बहुतेक वेळा कुणाला तरी काहीतरी पटवण्यासाठी केलेलं बोलणं असतं. ये, थांब, रागावू नकोस, हो म्हण, परत ये. आणि हे पटवताना कवी जो निसर्ग पुढे करतो तो पुरावा असतो, दाखला असतो, कधी धमकी असते, कधी लाच असते. तो नीट वाचायचा तर त्याचं काम बघायला हवं. तो कुणाला, कशासाठी आणि कोणत्या युक्तीने पटवतो आहे?

या कामाचा मराठी मुलखातला सर्वांत जुना आणि सर्वांत देखणा साठा म्हणजे हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या, प्रत्येकी दोन ओळींच्या सुमारे सातशे गाथा. सातवाहनांची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण, आणि गाथांतही गोदावरी पुन्हा पुन्हा येते. तिच्या काठची वेताची बेटं, शेतं, मोहाची झाडं, पावसाळ्यातले पूर. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली या गाथा विस्तृत प्रस्तावनेसह मराठीत आणल्या, तेव्हापासून त्या मराठी वाचकाच्या हाताशी आहेत. दुर्दैवाने त्या चवीने वाचणारे थोडे.

त्यातली एक गाथा अशी. नदीकाठच्या झाडीत एका बाईची प्रियकराशी भेटण्याची जागा आहे. तिथे एक देवभोळा गृहस्थ रोज फुलं तोडायला येतो आणि भेटीत विघ्न येतं. ही बाई त्याला काय सांगते? बाबा, तू आता निर्धास्त फिर, तुझ्यावर भुंकणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आज मारून टाकलं. शब्द आमंत्रणाचे आहेत. पण जो माणूस कुत्र्याला घाबरत होता, तो सिंहाचं नाव ऐकून पुन्हा त्या वाटेला जाईल का? नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिताना ध्वनीचा, म्हणजे शब्दांच्या पलीकडून ऐकू येणाऱ्या अर्थाचा, नमुना म्हणून हीच गाथा निवडली. वाच्यार्थ ‘जा’ आणि ध्वनित अर्थ ‘जाऊ नकोस’. गोदाकाठच्या एका बाईचं चातुर्य काश्मिरातल्या पंडिताला सिद्धान्ताचा पाया म्हणून उपयोगी पडलं, याचा मला मराठी वाचक म्हणून फार आनंद वाटतो.

दुसरी गाथा याहून शांत आहे. कमळाच्या पानावर एक बगळी अजिबात न हलता बसलेली आहे, पाचूच्या तबकात ठेवलेल्या शंखासारखी, आणि ती बघ, असं एक स्त्री आपल्या सोबत्याला सांगते. बस, एवढंच. वरवर पाहता हे सुंदर निसर्गचित्र. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ते उलगडून दाखवलं. बगळी हलत नाही याचा अर्थ ती निर्धास्त आहे. ती निर्धास्त आहे याचा अर्थ इथे माणसांची ये-जा नाही. म्हणजे भेटायला ही जागा चांगली. मम्मट इथे थांबत नाही. तो म्हणतो, याच चित्राचा आणखी एक अर्थ निघू शकतो. तू इथे येऊन माझी वाट पाहत होतास म्हणतोस, पण तू आला असतास तर ही बगळी अशी स्वस्थ बसली नसती. खोटं बोलतोस तू! तोच पक्षी, तेच पान. एका वाचनात लाडिक बोलावणं आहे, दुसऱ्यात उलटतपासणी.

याहून घरगुती एक गाथा आहे. भाताचं शेत पिकून पांढरं पडू लागलं म्हणून एक बाई मान खाली घालून रडते आहे. भात कापलं गेलं की आडोसा गेला. तिची मैत्रीण तिची समजूत घालते: अगं, रडतेस कशाला, नटीसारखं पिवळं नटलेलं तागाचं शेत अजून उभं आहे की! शेतीचं वेळापत्रक आणि प्रेमाचं वेळापत्रक इथे एकच आहे. ताग किती उंच वाढतो, तो कधी फुलतो, भातानंतर किती दिवस उभा राहतो, हे जिला रोज डोळ्यांसमोर दिसतं तीच ही समजूत घालू शकते. म्हणून ती पटतेही.

संस्कृत काव्यशास्त्राने निसर्गाला ‘उद्दीपन विभाव’ असं पद दिलं. ज्याच्याविषयी प्रेम वाटतं तो आलंबन, आणि त्या प्रेमाला फुंकर घालणारे चांदणं, वारा, कोकिळा, पाऊस हे उद्दीपन. ही मांडणी नाट्यापुरती ठीक आहे. पण मला वाटतं, गाथांमधला निसर्ग या चौकटीत बसत नाही. तिथली बगळी भावना पेटवायला आलेली नाही, ती माहिती द्यायला आली आहे. आणि ही माहिती चारचौघांत देता येते, अंगाशी आली तर नाकारता येते. ज्या समाजात बाईच्या तोंडून थेट शब्द निघणं धोक्याचं होतं, तिथे निसर्गाविषयी बोलणं ही तिची सुरक्षित भाषा होती. गिरगावच्या गॅलरीतली उधाणाची बातमी याच कुळातली.

चारचौघांत उघड बोलायची मुभा कधी मिळे? लग्नात. ईस्ट इंडियन लोकांची घरची भाषा मराठीच, तिचं त्यांचं खास वळण आहे, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्यात उंबराचं पाणी आणायची रीत आहे. बायका वाजतगाजत, गात विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्या मुलाला किंवा मुलीला न्हाऊ घालतात. चर्चमधला विधी लॅटिनच्या वळणाचा, पण विहिरीवरचा विधी या मातीचा. अशा वेळच्या गाण्यांत चेष्टा चालते, नवऱ्याकडच्यांना टोमणे चालतात, एरवी जे पावसाआड दडवायचं ते तोंडावर बोललं जातं. आडून बोलणारी गाथा आणि तोंडावर बोलणारं लग्नाचं गाणं, ही एकाच समाजाची दोन तोंडं आहेत.

आता या सगळ्याच्या अगदी उलट टोकाला जाऊ. डिसेंबर १८१९ मध्ये लंडनच्या ‘इंडिकेटर’ नावाच्या साप्ताहिकात पर्सी शेलीची एक छोटी कविता छापून आली. नाव ‘लव्ज फिलॉसफी’, प्रेमाचं तत्त्वज्ञान. दोन कडवी, प्रत्येकी आठ ओळींची. शेली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि इटलीत राहत होता. तीन वर्षांनी तो तिथल्याच समुद्रात बुडून गेला. या कवितेत तो निसर्गातले दाखले एकामागून एक पुढे ठेवतो. झरे नदीला मिळतात, नद्या सागराला, वारे एकमेकांत मिसळतात, डोंगर आभाळाला टेकतात, लाटा लाटांना बिलगतात, चांदणं समुद्राला स्पर्श करतं. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक प्रश्न. सारं जग असं जोडीने नांदत असेल, तर तू आणि मीच का नाही?

तर्क म्हणून हे लंगडं आहे, हे कुणालाही दिसेल. नदी सागराला मिळते ती उतारामुळे, प्रेमामुळे नव्हे. डोंगर आभाळाला टेकत नाही, आपल्याला लांबून तसा दिसतो. आणि निसर्गात सगळं मिसळतंच असंही नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, एकाच फांदीवरची दोन घरटी वर्षभर शेजारी राहून परकी राहतात. शेलीने फक्त आपल्या बाजूचे साक्षीदार बोलावले. तरीही कविता वाचताना मन हलतं. हे कसं होतं?

मला त्यात तीन गोष्टी दिसतात. एक म्हणजे होकाराची सवय. पहिलं विधान इतकं साधं आहे की वाचणारी मनातल्या मनात ‘हो’ म्हणते. नदी समुद्राला मिळते, हो. दुसऱ्यालाही हो. सहा वेळा हो म्हणून झाल्यावर सातव्या वेळी ‘नाही’ म्हणायला थोडा जोर लावावा लागतो. बाजारात माल दाखवणारा चतुर दुकानदार हेच करतो. दुसरी गोष्ट, मागणी स्वतःच्या अंगावरून झटकणं. ‘मला तू हवी आहेस’ म्हणणं अवघड, त्यात अपमानाची भीती आहे. त्याऐवजी ‘विश्वाचा नियमच असा आहे’ म्हटलं की मागणारा नामानिराळा राहतो, आणि नकार देणारी विश्वाच्या विरोधात उभी राहते. तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. कविता प्रश्नावर संपते. हुकूम नाही, विनवणीही नाही. उत्तर तिने द्यायचं. तर्काची सगळी जुळवाजुळव केल्यावर कवी एक जागा मोकळी सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेमुळेच ही कविता आर्जव वाटते, जबरदस्ती वाटत नाही.

याच्या आधीच्या इंग्रजी कवींकडे दुसरी युक्ती होती, भीतीची. फुलं आज आहेत, उद्या कोमेजतील, तेव्हा वेळ दवडू नकोस. लॅटिन कवी होरेसपासून चालत आलेला हा सूर रॉबर्ट हेरिकने १६४८ च्या संग्रहात गुलाबकळ्यांच्या तोंडून गाइला, अँड्र्यू मार्व्हेलच्या १६८१ साली मरणोत्तर छापल्या गेलेल्या कवितेत त्याने कबरीपर्यंत मजल मारली. निसर्ग इथे घड्याळ म्हणून येतो. ‘आपण दोघं’ यापेक्षा ‘तुझं तारुण्य किती दिवसांचं’ याची आठवण करून देणं, हे त्या पटवण्याचं मर्म. मला ही जात मनापासून आवडत नाही. तिच्यात धाक आहे, आणि तो नेहमी एकाच बाजूने घातला जातो. फूल कोमेजतं ते तिचं. कवीचं काही कोमेजत असल्याचं या कवितांत फारसं कुणी सांगत नाही.

पण निसर्ग पुढे करून पटवणाऱ्याला त्याआधीच उत्तरही मिळालं होतं, आणि तेही निसर्गाच्याच भाषेत. क्रिस्टोफर मार्लोच्या नावावर असलेली मेंढपाळाची कविता १५९९ साली छापली गेली. तो प्रेयसीला सांगतो, माझ्यासोबत राहायला ये, दऱ्या, कुरणं, फुलांच्या शय्या, लोकरीचे कपडे सगळं तुझं. पुढच्याच वर्षी निघालेल्या एका संग्रहात याच छंदात, याच प्रतिमा उचलून तिचं उत्तर छापलं गेलं. ते सर वॉल्टर रॅलेचं मानलं जातं. ती म्हणते, फुलं सुकतात, नद्या पुराने खवळतात, मेंढरं थंडीत गोठ्यात परततात, नाइटिंगेल मुका होतो. तू निसर्गाची साक्ष काढलीस ना? मग सगळ्या ऋतूंची साक्ष काढ. लिहिणारा पुरुषच होता, पण पटवणाऱ्याला त्याच्याच पुराव्याने निरुत्तर करणारी बाई त्याने उभी केली, हे महत्त्वाचं. ती नसती तर मेंढपाळाची कविता निव्वळ गोड राहिली असती.

हे सगळं मराठीत आलं ते कॉलेजांच्या वाटेने. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, विल्सन कॉलेजची चौपाटीसमोरची इमारत १८८९ ची. खोताच्या वाडीतून चालत निघालं तर तिथे पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. पालग्रेव्हने १८६१ साली काढलेला ‘गोल्डन ट्रेझरी’ हा इंग्रजी भावकवितांचा संग्रह मराठी तरुणांच्या पिढ्यांनी वाचला, पाठ केला. विष्णु मोरेश्वर महाजनींनी इंग्रजी कवितांची मराठी रूपांतरं ‘कुसुमांजली’त केली. केशवसुतांनी (१८६६ ते १९०५) चौदा ओळींचं सॉनेट मराठीत आणलं, ज्याला पुढे सुनीत म्हणू लागले. या बांधणीचं पटवण्याशी जवळचं नातं आहे. पहिल्या आठ ओळींत बाजू मांडायची आणि मग वळण घेऊन उरलेल्या सहांत निकाल काढायचा. मराठी प्रेमकवीला शेलीच्या नद्या-सागराइतकीच ही वळण घेण्याची रीतही मिळाली.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही त्यातली मंडळी. प्रियकर-प्रेयसी असं एकमेकांना उघड संबोधणारी कविता त्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणली, आणि ती जाहीर कार्यक्रमांतून गाऊन दाखवली. माधव जूलियन फारसीचे पंडित. त्यांनी गझल मराठीत रुजवली, आणि तिच्यासोबत गुल-बुलबुल, शमा-परवाना हे निसर्गाचे ठरलेले संकेत आले. चंद्र-कुमुदिनी, चातक, चकोर हे आपले संकेत आधीपासून होतेच. इंग्रजी, फारसी, संस्कृत अशा तीन बाजूंनी प्रतिमांचा एवढा साठा हाताशी आल्यावर जे व्हायचं ते झालं. प्रतिमा बघून येण्याऐवजी वाचून येऊ लागल्या. प्र. के. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’मध्ये त्यांची जी विडंबनं केली, ती वाचताना हसू येतं ते याचमुळे.

वाचून आलेली प्रतिमा पटवत का नाही, हे दोन पक्ष्यांवरून कळेल. चकोर चांदणं पिऊन जगतो, हा कविसंकेत. प्रत्यक्षातला चकोर हा तित्तिराच्या कुळातला, हिमालयाच्या आणि वायव्येच्या उघड्या खडकाळ डोंगरांवरचा पक्षी. महाराष्ट्रात तो दिसत नाही. मराठी कवीने चकोराची शपथ घेतली तर ती न पाहिलेल्या साक्षीदाराची शपथ. चातकाचं तसं नाही. काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर तुरा असलेला हा कोकिळेचा भाऊबंद आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो आणि मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला, मान्सूनच्या थोडा आधी कोकण-मुंबईत हजर होतो. थेंब झेलून तहान भागवण्याची गोष्ट कवींनी रचली, पण ‘तो आला की पाऊस जवळ आला’ हे खरं आहे. म्हणून चातकाच्या नावाने केलेलं आर्जव आजही थोडं धरून राहतं. तागाच्या शेतावरून समजूत घालणारी गाथेतली मैत्रीण आणि चकोराचा हवाला देणारा कवी यांच्यात फरक आहे तो हाच. एकीने पाहिलं होतं.

पण या काळातून मराठीत एक कविता अशी आली, की तिने शेलीचा सगळा युक्तिवादच फिरवून टाकला. कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’, १९४२ च्या ‘विशाखा’तलं. इथे बोलते पृथ्वी, आणि बोलते सूर्याशी. तिच्याभोवती मागणी घालणाऱ्यांची रीघ आहे. प्रकाशाचा पिसारा फुलवून पहाटे दारी उभा राहणारा शुक्र, लाजून लाल झालेला मंगळ, विस्कटलेल्या केसांनी आर्जवं करणारा धूमकेतू. प्रत्येक जण आपापल्या परीने तिला पटवतो आहे आणि ती सगळ्यांना नाकारते आहे. ज्या तेजाची पूजा केली त्यानंतर काजव्यांना जवळ करणं तिला मान्य नाही. त्यापेक्षा दूर राहणंही चालेल, जळणंही चालेल.

शेलीच्या जगात सगळं सगळ्याला मिळतं. कुसुमाग्रजांच्या जगात खगोलाचा नियम असा आहे की पृथ्वीने सूर्याभोवती फिरायचं आणि त्याला कधी भेटायचं नाही. सुमारे पंधरा कोटी किलोमीटरचं हे अंतर प्रकाशालाही ओलांडायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. अंतर मिटलं तर पृथ्वीच उरणार नाही. म्हणजे इथेही निसर्गाचाच दाखला आहे, पण तो मीलनाच्या नव्हे, विरहाच्या बाजूने दिलेला. आणि तो देणारी स्त्री आहे, जिला शेलीच्या कवितेत बोलायला जागाच नव्हती. छंदही बघा. लघु-गुरु-गुरु असा गण पुन्हा पुन्हा येतो. एक पाऊल हलकं आणि दोन जड, पुन्हा एक हलकं आणि दोन जड. ओळ संपते तिथून तीच चाल पुन्हा सुरू होते, कुठे थांबावंसंच वाटत नाही. परिभ्रमणाची गोष्ट सांगायला याहून योग्य चाल मला सुचत नाही. मोठ्याने वाचताना शब्दांच्या आधी ही चालच आपल्याला पृथ्वीच्या बाजूला ओढून घेते.

याच शुक्राला मराठीत पुढे दुसरी भूमिका मिळाली. खोताच्या वाडीच्या जवळच खटाववाडी आहे, तिथे मौज प्रकाशनाचं बिऱ्हाड होतं. मंगेश पाडगावकरांची पुस्तकं तिथून निघाली. १९६० च्या दशकात पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते, सुधा मल्होत्रा यांचे आवाज एकत्र आले आणि ‘शुक्रतारा, मंद वारा’ हे गाणं आकाशवाणीवरून घरोघर पोचलं. कुसुमाग्रजांच्या कवितेत पहाटे दाराशी उभा राहून नकार पचवणारा शुक्र इथे संध्याकाळी दोघांच्या भेटीचा साक्षी आहे. कवींनी परस्परविरोधी काही लिहिलं आहे असं वाटेल, पण शुक्र खरोखरच दोन्ही वेळचा. तो पृथ्वीपेक्षा सूर्याच्या जवळ फिरतो, त्यामुळे आपल्या आकाशात सूर्यापासून साधारण सत्तेचाळीस अंशांपलीकडे कधी जात नाही. मुंबईच्या आकाशात मध्यरात्री तो दिसायचा नाही. काही महिने तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला असतो, म्हणजे चौपाटीवरून समुद्राच्या अंगाला, मग काही दिवस सूर्याच्या झगमगाटात हरवतो, आणि पुढचे काही महिने पहाटे पूर्वेला, म्हणजे गिरगावच्या छपरांमागून उगवतो.

या गाण्यात एक बदल मला फार मोलाचा वाटतो. ते युगुलगीत आहे. शेलीपासून चालत आलेला एकटा बोलणारा पुरुष आणि न बोलणारी स्त्री ही रचना इथे मोडते. दोन्ही आवाज हजर असल्यावर कुणी कुणाला पटवायचं उरतच नाही. मग तारा आणि वारा पुरावा म्हणून येत नाहीत. दोघं मिळून एकच संध्याकाळ बघतात, एवढंच. पटवून झाल्यानंतरचं प्रेम कसं बोलतं, ते ऐकायचं तर हे गाणं ऐकावं. गिरगावच्या चाळीत एकाच रेडिओवर चार बिऱ्हाडांनी ते ऐकलं असेल, तेव्हा त्यातला कुठला आवाज कुणासाठी होता, हे ज्याचं त्याला ठाऊक.

आणि ज्याला पटवायचं तोच समोर नसेल तर? तेव्हा माणूस निसर्गालाच पटवू लागतो. कालिदासाच्या मेघदूतात हेच होतं. विदर्भातलं रामटेक म्हणजेच त्यातला रामगिरी, असं वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. तिथे अडकलेला यक्ष आषाढातल्या ढगाला निरोप्या करतो. धूर, वीज, पाणी आणि वारा यांचा तो गोळा, त्याला निरोप काय कळणार, ही शंका कवी स्वतःच घेतो आणि प्रेमात पडलेल्याला असले भेद कळत नाहीत असं उत्तरही देऊन टाकतो. पण यक्ष भोळा नाही. ढगाला पटवताना तो वाटेतली आमिषं मोजून दाखवतो. विदिशेला अमुक बघायला मिळेल, उज्जैन वाकडी वाट करून का होईना पण चुकवू नकोस, तहान लागली की तमुक नदीचं पाणी पी. प्रवासाला निघणाऱ्याचं मन कशाने वळतं, ते त्याला चांगलं कळतं.

मराठीत हा धागा इंदिरा संतांनी उचलला. बेळगावला त्यांनी आयुष्य काढलं, तिथल्या अध्यापन महाविद्यालयात शिकवलं. १९४६ साली पती ना. मा. संत गेले. दोघांच्या कविता ‘सहवास’ या संग्रहात एकत्र आल्या होत्या. नंतरचा ‘शेला’ १९५१ चा, फक्त इंदिराबाईंचा. त्यांच्या प्रेमकवितेत निसर्ग सतत आहे, पण तो प्रियकराला दाखवण्यासाठी नाही, कारण दाखवायला तो नाही. ‘नको नको रे पावसा’ या कवितेत एक बाई थेट पावसाशी बोलते. घर फाटकं, छपरातून आभाळ दिसणारं, आणि पाऊस अवेळी धिंगाणा घालतो आहे. आधी ती त्याला रागावते, मग गयावया करते, घरातल्या गळतीचं, भांड्याकुंड्यांचं गाऱ्हाणं सांगते. या बाईला पावसाचं सौंदर्य दिसत नाही असं नाही, पण आत्ता तिला आपला आसरा वाचवायचा आहे. आणि मग मध्येच बोलण्याचा रोख फिरतो. तुला एवढा जोर आलाच आहे ना, मग तो इथे का दाखवतोस? गावाच्या वेशीपलीकडे जा, वाटेवर माझा माणूस असेल, त्याला अडव, माघारी फिरव, घरी आण. तेवढं केलंस तर मग हवा तसा कोसळ, मी काही बोलणार नाही. धाक, विनवणी, सौदा आणि लाच, पटवण्याच्या सगळ्या तऱ्हा या एका बोलण्यात येतात. सिंहाची बातमी देऊन फुलं तोडणाऱ्याला वाटेतून हटवणारी गाथेतली बाई आणि पावसाला कामाला लावू पाहणारी ही बाई, दोघींना निसर्गाकडून काहीतरी करून घ्यायचं आहे. पहिलीला खात्री आहे की युक्ती चालेल. दुसरीला पाऊस ऐकणार नाही हे पक्कं माहीत आहे, आणि तरी ती त्याच्याशी घासाघीस थांबवत नाही.